आत्याच्या पाठीवरची पट्टी

आत्या पिते, ही बातमी लॉन्ड्रीत सकाळच्या पहिल्या गाडीबरोबर आली आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत तिला हातपाय, शेपूट, सगळं फुटलं. धुण्याच्या विभागात ती ‘कधीमधी घेते’ एवढीच होती. वाळवणाऱ्या यंत्रांपाशी पोचेपर्यंत ‘रोज घेते’ झाली. घड्यांच्या टेबलावर तर आत्याच्या पाण्याच्या बाटलीचा पंचनामासुद्धा उरकला. पुरावे दोन. एक, आत्या उभ्याउभ्या डुलते. दोन, तिच्या अंगाला वास येतो.

पुरावे दोन्ही खरे. बातमी मात्र साफ खोटी. आत्याने उभ्या जन्मात खोकल्याच्या औषधापलीकडे काही घेतलं नव्हतं, आणि तेही नाक दाबून. वास यायचा तो स्पिरिटचा. आणि ती डुलायची का, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. म्हणूनच तर तिची पाचावर धारण बसली होती.

ही लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी इथे ट्रकने येतात. मधल्या हॉलमध्ये एक लांबलचक लोखंडी रोलर, आतून वाफेने तापलेला. त्याच्या तोंडाशी दोघी उभ्या राहतात, ओलसर चादरीची दोन टोकं धरून ती ताणतात आणि आत सोडतात. पलीकडून चादर कडक होऊन निघते. डावीकडचं टोक एकोणीस वर्षं आत्याचं. चादर आत जाताना कशी सुसकारते त्यावरून रोलर किती तापलाय ते ती सांगते, आणि मीटर बघायला गेलेला माणूस मान हलवत परत येतो. सगळे तिला कडक आत्या म्हणतात. इस्त्रीमुळे की स्वभावामुळे, हे विचारायची छाती अजून कोणाची झालेली नाही.

उजवीकडचं टोक धरते ती रेडिओ. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल, पण ती वही कोण वाचतो. रेडिओ सकाळी सुरू होते ती संध्याकाळी बंद होते, मध्ये जाहिरातीसुद्धा नाहीत. “मी आपलं काही बोलत नाही हं, मला काय करायचंय,” असं म्हटलं की समजायचं, आता अर्धा तास गेला. आत्या पिते ही बातमीही तिचीच. त्यात वाकडेपणा मुळीच नव्हता. तिला वास आला, तो तिने सांगितला. पोटात ठेवायला जागाच नाही तर बिचारी करणार काय.

दोन वर्षांपूर्वी ओल्या चादरींचा ढकलगाडा अडकला, आत्याने तो एकटीने ओढला, आणि कमरेत काहीतरी ‘टक्’ झालं. मग गोळ्या, मग पट्टा, मग ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर पुन्हा तेच. पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जायची. शेवटी डॉक्टरांनी औषधाची चिकटपट्टी दिली.

या डॉक्टरांना प्रत्येक वाक्याआधी ‘घाबरायचं काही कारण नाही’ म्हणायची सवय आहे. ते ऐकून धडधाकट माणसालाही कापरं भरावं.

“घाबरायचं काही कारण नाही. ही पट्टी अंगावर लावायची, तीन दिवस ठेवायची, मग नवी. औषध कातडीतून हळूहळू रक्तात उतरतं. घाबरायचं काही कारण नाही, अफूच्या कुळातलं आहे.”

“अफू?” काका म्हणाले. काका म्हणजे आत्याचे यजमान, शाळेत शिपाई. तीस वर्षं घंटेचे टोल मोजतायत, त्यामुळे कुठलीही गोष्ट मोजायला लागले की त्यांच्या जिवाला बरं वाटतं.

“घाबरायचं काही कारण नाही. खोक्यात माहितीचा कागद आहे. वाचा.”

तो कागद उलगडला तर उशीच्या अभ्र्याएवढा निघाला, आणि त्यावर मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं. आत्याने चार ओळी वाचल्या आणि तिचं लक्ष अक्षरांवरून घडीवर गेलं. घडी वाकडी होती. तिने कागद टेबलावर सपाट केला, कडा जुळवल्या, मूळच्यापेक्षा सुंदर घडी घातली आणि कपाटात ठेवून दिला. एकदा घडी घातली की उलगडायची नाही, हा तिच्या धंद्याचा नियम. पुढचं जे काही झालं त्यातलं बरंचसं त्या घडीच्या आत लिहिलेलं होतं.

पट्टी दंडावर लावली तर चालली असती. पण दंड दिसतो. दिसला की प्रश्न येतात, आणि प्रश्न आले की मुकादम येतो. रोलरवर चक्कर येणाऱ्या माणसाला उभं करायचं नाही, हा मुकादमाचा कायदा. आत्याच्या आधी डावीकडे उभी राहणारी बाई दोन बोटं रोलरला देऊन घरी गेली होती, तेव्हापासूनचा. “म्हणजे कसं आहे माहितीये का,” तो दर सोमवारी सगळ्यांना सांगतो, “रोलरला डोळे नाहीत. म्हणून ते आपण उघडे ठेवायचे. ज्याला जमत नाही त्याने मळके कपडे निवडायला जायचं. म्हणजे कसं आहे, माझं वैर नाही कोणाशी.”

तेव्हा पट्टी पाठीवर, कोणाला दिसणार नाही अशी. तिथे आत्याचा हात पोचत नाही, म्हणून लावायचं काम काकांचं.

“स्पिरिट कशाला? खोक्यावर तर साधं पाणी लिहिलंय,” काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

“सुई टोचायच्या आधी नर्स काय लावते?”

“स्पिरिट.”

“मग? कातडी ती कातडी. जागा स्वच्छ केल्याशिवाय काही धरत नाही. हे मला नका शिकवू.”

काकांनी मुकाट्याने स्पिरिटचा बोळा फिरवला, पट्टी चिकटवली, वर तळहात दाबला आणि तीसपर्यंत मोजलं, टोल दिल्यासारखं, मध्ये सारखं अंतर ठेवून.

आणि गुण आला. दुखणं गेलं नाही, पण शेजारच्या खोलीत जाऊन बसलं. तिथून बोलल्याचं ऐकू यायचं, काय बोलतंय ते कळायचं नाही. पहिले आठ दिवस आत्याला वाटलं, आपण सुटलो.

नवव्या दिवशी रोलरवर तिच्या हातातली चादर तिरकी गेली.

एकोणीस वर्षांत चादर तिरकी गेली नव्हती असं नाही. पण गेली की आत्याला कळायचं. या वेळी रेडिओने “अगं, बघ ना” म्हटल्यावर कळलं. मधली दोन-तीन मिनिटं कुठे गेली, ते काही आठवेना. मग हे रोज होऊ लागलं. सकाळी ठीक. हॉल तापला, वाफ भरली, की पापण्या जड. जीभ जड. रेडिओचा आवाज विहिरीतून आल्यासारखा.

दुपारच्या सुट्टीत आत्या भिंतीकडेच्या स्टुलावर बसायची. त्या भिंतीवरून वाफेचा पाइप जातो, वर दोरी गुंडाळलेला. त्याला पाठ टेकली की छान शेक मिळायचा, कमर सैल व्हायची, डोळे आपोआप मिटायचे.

डोळे मिटले की आई दिसायची.

आत्याची आई शेवटची दोन वर्षं अशीच होती. बोलता बोलता थांबायची. जेवून उठली की विचारायची, आज जेवायला नाही का वाढणार. आत्याला ओळखेनाशी झाली त्या दिवशी म्हणाली होती, “तुम्ही फार चांगल्या आहात हो, तुमची आई कुठे असते?” ते वाक्य आत्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आता चादर तिरकी गेली की तेच कानात वाजायचं. आपलंही डोकं आईच्या वाटेने निघालं, ही तिची खात्री झाली.

मग तिने स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. एकोणतीसचा पाढा. लहानपणी तो तिचा हातखंडा होता. चादर धरता धरता ओठांत म्हणायचा. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, एकशे सोळा, एकशे पंचेचाळीस, एकशे चौऱ्याहत्तर, आणि पुढे काही नाही. कोरी भिंत. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच.

“काय पुटपुटतेस गं?” रेडिओ विचारायची.

“जप.”

“जप?” रेडिओ म्हणाली. ‘आणि हा वास कसला’, एवढं मात्र तिने आत्याला न विचारता बाकी सगळ्यांना विचारलं.

घरी गेल्यावर आत्या खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागे. घोरणं मध्येच थांबे, बराच वेळ काही नाही, मग मोठा उसासा आणि पुन्हा सुरू. काका समोर बसून कौतुकाने बघत. दोन वर्षांत बाईला अशी झोप लागली नव्हती. त्या थांबण्याच्या वेळात त्यांनी मोजलंसुद्धा. एकदा बारापर्यंत गेले. हे कोणाला सांगण्यासारखं आहे, असं त्यांना वाटलं नाही.

आणि या सगळ्यात भर म्हणजे सुट्टीचा दिवस. त्या दिवशी डोकं लख्ख, पाढा शेवटपर्यंत, पण कमर अशी ठणकायची की पाय जमिनीवर टेकवत नसे. पट्टी तीच, पाठ तीच. आत्याने त्याचा अर्थ लावला तो असा, की कामात मन रमतं, घरी खायला उठतं.

डॉक्टरांकडे गेली तेव्हा तिने एवढंच सांगितलं.

“कामावर बरी असते. सुट्टीला दुखतं.”

“गुंगी येते? पेंग? काही विसरायला होतं?”

काकांनी तिच्याकडे पाहिलं. आत्याने डॉक्टरांच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. हो म्हटलं तर डोक्याची तपासणी, तपासणीचा कागद, तो कागद मुकादमाच्या टेबलावर, आणि आपण मळक्या चादरींच्या ढिगात, आईसारख्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“छे,” आत्या म्हणाली. “टुणटुणीत आहे.”

“मग घाबरायचं काही कारण नाही. जरा वरच्या ताकदीची देतो.”

वरच्या ताकदीची पट्टी काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी लावली. स्पिरिट, पट्टी, तळहात, तीस टोल.

दुपारच्या सुट्टीपर्यंत आत्या कशीबशी उभी राहिली. सुट्टीत पाइपाला पाठ लावून बसली आणि कोणीतरी हलवून उठवलं तेव्हा उठली. रोलर पुन्हा सुरू झाला. हॉस्पिटलच्या चादरी होत्या. रेडिओ आपल्या नणंदेच्या फ्रिजबद्दल सांगत होती. फ्रिज नवा, पण आतला दिवा लागत नाही, आणि नणंदेचं म्हणणं, दिवा बघायला थोडाच फ्रिज घेतलाय.

“आता तूच सांग, मी काही बोलत नाही, पण अंधारात भाजी शोधायची का?”

रेडिओ वर बघते तर आत्याच्या डोळ्यांच्या फटी झालेल्या, हात चादरीसोबत पुढे चाललेले, टोक सुटलेलंच नव्हतं. बोटं रोलरपासून वीतभर.

रेडिओने गुडघ्याने लाल दांडी दाबली. रोलर थांबला. आत्या उभ्या जागी खाली बसली, अगदी सावकाश, चादरीची घडी पडावी तशी.

सगळे धावले. “जास्त झाली,” कोणीतरी मागून म्हणालं. मुकादम आला, म्हणजे कसं आहे म्हणायला तोंड उघडलं आणि तसाच राहिला. आत्याचे ओठ निळसर दिसत होते.

रेडिओने तिच्या तोंडापाशी कान नेला. वास बीस काही नव्हता. श्वास होता, पण एक आला की दुसरा यायचं नावच घेईना. तिने आत्याचा खांदा गदागदा हलवला. “ए आत्या, श्वास घे.” आत्याने घेतला. रेडिओ गप्प झाली, तर पुढचा येईना. “घे गं बाई.” घेतला.

म्हणजे सांगितलं की घेते, नाही सांगितलं तर नाही. आपला श्वास आपणच घ्यायचा असतो, हेच ती विसरली होती.

मग रेडिओ जी सुरू झाली ती गाडी येईपर्यंत, गाडीत, आणि हॉस्पिटलच्या दारापर्यंत थांबली नाही. “घे श्वास. तर नणंद काय म्हणते, घे श्वास, डोळे उघड, माझ्याकडे बघ, तर दिवा दुरुस्त करायला माणूस आला, घे, तो म्हणतो दिवा चांगला आहे, घे गं, तुमच्या दाराचं बटण बिघडलंय, घे श्वास.” ड्रायव्हर नंतर सांगत होता की तो पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, पण एका फ्रिजची एवढी काळजी त्याला कधी वाटली नव्हती. रेडिओचा घसा बसला, तरी ती बोलत होती. एकेका वाक्याला एकेक श्वास.

हॉस्पिटलात आत्याच्या डोळ्यांवर बॅटरी धरली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. नर्सने तिला कुशीवर वळवलं, पाठ उघडी केली आणि पट्टी खसकन ओढून काढली. मग उताऱ्याची एक सुई दिली, थोड्या वेळाने आणखी एक. दुसरीनंतर आत्याने असा श्वास घेतला की रेडिओ पहिल्यांदा गप्प बसली आणि रडायला लागली.

शाळेतून काका आले तेव्हा त्यांच्या हातात घंटेची हातोडी तशीच होती.

“शुद्धीवर आली, आता घरी नेऊ?” त्यांनी विचारलं.

“नाही,” नर्स म्हणाली. ही नर्स मोजून शब्द वापरणारी. “पट्टी निघाली, तरी कातडीखाली औषध साठलंय. ते उतरत राहणार. सुईचा असर आधी संपणार. म्हणून उद्यापर्यंत इथेच. श्वास मी मोजणार.”

“मीही मोजतो,” काका म्हणाले, आणि बारापर्यंतची ती गोष्ट त्यांना आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या अंथरुणात पडल्या पडल्या चादरीची किनार बोटांनी चाचपत होती. किनार तिरकी दाबली गेलेली.

“ही माझी आहे,” ती म्हणाली.

“चादर हॉस्पिटलची आहे,” नर्स म्हणाली.

“असेल. हा वाकडेपणा माझा आहे.” आणि मग आत्याने, गेल्या दीड महिन्यात पहिल्यांदा, विचारायचं ते विचारून टाकलं. “सिस्टर, माझं डोकं गेलंय का? माझ्या आईचं गेलं होतं.”

नर्सने खुर्ची ओढली. “दुखणं तुमच्या कमरेत. पण दुखतंय हे कळतं कुठे? मेंदूत. हे औषध कमरेत काहीच करत नाही. कातडीतून रक्तात, रक्तातून मेंदूत. मेंदूच्या वाटेवर कडक पहारा असतो, ऐऱ्यागैऱ्याला आत सोडत नाहीत. पण हे औषध तेलकट स्वभावाचं, पहाऱ्यातून पाझरून जातं. आत गेलं की दुखण्याची बातमी दाबतं.”

“आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी,” काका म्हणाले.

“या आगीला बंब तिथेच लागतो. पण त्याच आवारात श्वासाची आठवण देणारी जागा आहे, जागं ठेवणारी जागा आहे. औषध जास्त पोचलं की त्याही झोपतात. प्रश्न एवढाच, एका पट्टीतून एवढं जास्त पोचलं कसं?”

आत्या किनार चाचपत राहिली. तेल, कापड, पाझर, हे तर तिच्या घरचं बोलणं होतं.

“गार कापडावर मेण पडलं तर वर बसतं,” ती हळूहळू म्हणाली. “इस्त्री फिरवली की आरपार जातं.”

“तुम्ही गरम कशाजवळ काम करता?”

“गरम कशाजवळ नाही, ते विचारा. दिवसभर वाफेत. आणि सुट्टीत पाइपाला पाठ लावून.”

“पट्टीची पाठ?”

“पाठ एकच आहे मला.”

“आणि आधी स्पिरिट,” काका खाली बघत म्हणाले.

नर्स उठली आणि डॉक्टरांना आणायला गेली. सगळं जुळत गेलं. स्पिरिटने कातडीचं तेलकट कवच निघालेलं, त्यात हॉल तापला की पट्टीतलं औषध भराभरा आत, म्हणून कामावर गुंगी. सुट्टीला अंग गार, म्हणून औषध बेताचं आणि दुखणं पुढे. त्या दुखण्यासाठी ताकद वाढवली, आणि ती वाढलेली ताकद पुन्हा वाफेत. घरी कपाटातल्या कागदाची घडी काकांनी उलगडली तेव्हा ‘पट्टीला उष्णता लागू देऊ नये’ हे वाक्य अगदी घडीच्या रेषेवर सापडलं.

पण त्या सकाळी, डॉक्टर येईपर्यंत, आत्याने डोळे मिटून ओठ हलवले. एकशे चौऱ्याहत्तर. दोनशे तीन. दोनशे बत्तीस. दोनशे एकसष्ट. दोनशे नव्वद. मग तिने तिरकी किनार तोंडावर ओढून घेतली आणि आत बराच वेळ काय चाललं होतं ते कोणी विचारलं नाही.

आता एका पैजेची गोष्ट. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी फेरतपासणीला बोलावलं होतं. औषध बदलायचं, तर कामावर नेमकं काय काय झालं ते डॉक्टरांना कळायला हवं होतं. आणि ते सगळं सांगितलं तर मुकादमाचा कायदा लागू होणार, हेही उघड होतं. आदल्या दिवशी आत्या काकांना तीनदा म्हणाली, “आता बरी आहे की मी.” ते ‘बरी आहे की’ घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचं होतं. म्हणून हे लिहिणाऱ्या भाचीने आत्याशी पैज लावली, की आत्या डॉक्टरांसमोर बसली की पुन्हा कॅलेंडरकडे बघणार आणि ‘टुणटुणीत’ म्हणणार. आत्या हरली तर तिने वर्षभर भाचीच्या शाळेच्या गणवेशाला इस्त्री करायची. भाची हरली तर महिनाभर कोणाचीही नक्कल करायची नाही. ना मुकादमाची, ना डॉक्टरांची, ना रेडिओची.

आत्या खुर्चीत बसली. डॉक्टर म्हणाले, “घाबरायचं काही कारण नाही.”

“आहे,” आत्या म्हणाली. “मी घाबरलेली आहे.” आणि पिशवीतून लॉन्ड्रीच्या चादरींना बांधतात तसली कापडी चिठ्ठी काढली. तिच्यावर दोन्ही बाजूंनी लिहिलेलं होतं. चादरी किती वाजता तिरक्या गेल्या. पाढा कुठे अडला. पाइपाला पाठ किती वेळ. स्पिरिट. काकांचे बारा. मागच्या वेळी ‘छे’ म्हटलं ते खोटं. शेवटी आईचं वाक्य, जसंच्या तसं. काका दुसरीकडे बघत होते. डॉक्टर लिहीत गेले, आणि पहिल्यांदाच त्यांना पुढचं वाक्य कसं सुरू करावं ते सुचेना.

“आणि एक लिहून द्या,” आत्या म्हणाली. “मुकादमासाठी. औषध बसेपर्यंत मला रोलरवर उभं करायचं नाही म्हणून. तुम्ही लिहून दिलंत तर मला तोंडाने सांगावं लागणार नाही.”

आता डावीकडचं टोक दुसरीच कोणी धरते. आत्या गार बाजूला घड्यांच्या टेबलावर असते. कमर दुखते, पूर्वीपेक्षा जास्त, पण नव्या गोळ्यांवर निभतं. रेडिओ रोलरवरून ओरडून बोलते, म्हणजे आता बातम्या सगळ्या हॉलला एकदमच मिळतात. रोलरने सुसकारा टाकला की आत्याची मान अजून तिकडे वळते.

भाचीची महिनाभराची बोलती बंद झाली. नवव्या दिवशी तिने आत्याला विचारलं, कागदावर केलेली नक्कल धरतात का. आत्याने हातातल्या अभ्र्याच्या कडा जुळवल्या, घडी घातली, वरून तळहात फिरवला, आणि म्हणाली, “कागदाचं काही ठरलं नव्हतं. पण घडी घालून ठेवायच्या आधी मला वाचून दाखव. पूर्ण.”